भांड्यावरचे डोळे

रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर चीनमधल्या शांग राजवटीच्या भांड्यांचे फोटो बघत बसले होते, तीन हजार वर्षांपूर्वीची काशाची भांडी, पूर्वजांना दारू आणि मटण द्यायची. झूम केलं तर भांडंच माझ्याकडे बघायला लागलं. दोन वटारलेले डोळे, शिंगं, मधोमध नाक, खालचा जबडा मात्र गायब. याला म्हणतात ताओत्ये.

आता गंमत बघा, अर्धा चेहरा बोटाने झाकला की उरतो एका बाजूने दिसणारा अख्खा प्राणी, एक डोळा, एक शिंग, पाय, शेपूट सगळं जागच्या जागी. दुसरी बाजू झाकली की दुसरा. म्हणजे नाकाला नाक लावून उभे असलेले दोघं, आणि आपल्याला वाटतं एकच तोंड! मातीच्या साच्याचे तुकडे जोडून ही भांडी ओतायचे, त्यामुळे डावं-उजवं सारखं करणं सोयीचंही पडत असणार.

ताओत्ये हे नाव मात्र बरंच नंतरचं. इ.स.पू. 239 च्या आसपासच्या 'लूशी चुनच्यू' ग्रंथात लिहिलंय की याला डोकं आहे, धड नाही, माणूस खायला जातो पण गिळायच्या आधीच स्वतःचं वाटोळं करून घेतो. देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवलं ना? मलाही, पण नातं जोडायचा मोह आवरते. काही अभ्यासक म्हणतात हे पूर्वजांपर्यंत पोचवणारे प्राणी, काही म्हणतात नुसती नक्षी. नुसती नक्षी असे डोळे कशाला वटारेल, असं आपलं मला वाटतं.

आणि घुबडं! 1976 मध्ये चीनमधल्या आन्यांगला शांग राणी फू हाओची कबर सापडली, राणी कसली, सेनापतीच ती, तिथे काशाच्या घुबडांची जोडी निघाली, दारूसाठीची. दोन जाडजूड पाय आणि तिसरा टेकू शेपटीचा, अजिबात डगमगणार नाही. पुढे चीनमध्येही घुबड अपशकुनी ठरलं, पण या बाईने ते सोबत नेलं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी पॅरिसच्या सेर्नुस्की म्युझियममधल्या वाघाच्या भांड्यावर अडकले. वाघाने जबडा उघडलाय, खाली एक माणूस त्याला बिलगलाय. खातोय की सांभाळतोय, यावर आजही वाद आहे. मी फोटो मोठा केला तर माणसाचे पाय दिसले, वाघाच्या मागच्या पंजांवर नीट टेकवलेले, लहानपणी बाबांच्या पावलांवर उभं राहून चालायचो ना, अगदी तसे.