तुम्ही विचारलंत म्हणून: कटिंगची टिप कुणाच्या हातात द्यायची?

मी लातूरला छोट्या दुकानांचे हिशोब लिहिते, त्यात सलूनवाले बी आहेत आणि पार्लरवाल्या बी, म्हणून नात्यातलं कुणी भेटलं की हा प्रश्न ठरलेलाच. ताई, कटिंगला टिप द्यायची का? आणि द्यायची तर किती? पुण्यावरून सुट्टीला आलेले जास्त विचारतात, अमेरिकेतली मामेबहीण तर थेट टक्केच विचारते. माझं म्हणणं, किती द्यायची ते नंतर बघू, आधी ती जाते कुणाच्या खिशात ते बघा.

सलूनमधे चार खुर्च्या असल्या तर मालक एक आणि बाकी कारागीर. कारागिराला ठरलेला पगार क्वचितच, बहुतेक ठिकाणी कामावर हिस्सा, कुठं निम्मे-निम्मे कुठं साठ-चाळीस, आणि रात्री शटर ओढायच्या आधी वही उघडून वाटणी. आता पूर्वी काय व्हायचं, कटिंगचे ८० झाले, तुम्ही १०० ची नोट दिली, वरचे राहू द्या म्हणून निघालात, ते २० कारागिराच्या वरच्या खिशात. आपल्याकडं टिप होती ती हीच, तिला टिप म्हणायचं बी कुणी नाही. मग फोनवरून पैसे द्यायला लागलो आणि सगळे बरोब्बर ८० पाठवायलेत. माणसं कंजूष झाली असं नाही बरं का, सुट्टेच उरले नाहीत तर राहू द्या कशाला म्हणणार.

आणि ज्याला मनापासून द्यायचेत तो भिंतीवरचा कोड स्कॅन करून १०० टाकतो. आरशाखालच्या फळीवरचा तो डबा मोठ्यानं बोलतो, शंभर रुपये मिळाले, सगळं दुकान ऐकतं, पण पैसे गेले मालकाच्या खात्यात. वहीत त्या कारागिराच्या नावापुढं एक कटिंग, ८० रुपये, एवढंच. वरचे २० एक तर तिथंच राहतात, नाहीतर रात्रीच्या वाटणीत त्याचे बी दोन भाग होतात. चांगले मालक आहेत, नाही असं नाही, एकाच्या वहीत मी ‘वरचे’ म्हणून वेगळा रकाना बघितलाय आणि ते पूर्ण पैसे पोराला मिळतात. पण तुमचा मालक कसला आहे ते तुम्हाला कुठं माहीत. म्हणून खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा आणि पैसे कारागिराच्या हातात द्या. नोट नसेल तर त्याचा स्वतःचा नंबर विचारा, लाजायचं काही नाही त्यात.

किती? शंभराच्या कटिंगला १० ते २० लै झाले. कटिंग झाल्यावर न सांगता त्यानं पाच मिनिटं चंपी करून दिली, मानेवरचे केस ब्रशनं नीट झटकले, लेकरू रडायलं तरी त्याला गोडीगुलाबीनं बसवून ठेवलं, तर २० च्या वर गेलात तरी चालतंय. मालक स्वतःच कात्री चालवत असेल तर टिपेची गरज नाही, त्याचा भाव त्यानंच लावलेला असतो. त्याला दिवाळीला पोस्त द्या, शंभर-दोनशे आणि फराळाची पिशवी, तो खूश होतो. श्रावणात निम्मं गाव दाढी वाढवून बसतं तेव्हा त्याचा धंदा बसलेला असतो, दिवाळीची ती भरपाई समजा.

पार्लरचं गणित जरा वेगळं आहे. तिथं पोरींना पगार असतो, लै नसतो, आणि काउंटरवर मॅडम बसलेल्या. थ्रेडिंग करणारी पोरगी कधी नीट बघितलीय का? दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन हातांच्या बोटांत पीळ देऊन, मान वाकडी करून उभी, आणि दिवसभर तोच दोरा त्याच पेरावर घासून बोटाला बारीक काळी रेघ पडलेली. भुवयांचे ४०-५० रुपये, त्यातलं तिला वेगळं काही नाही. तिला १० रुपये दिले की ती आधी मॅडमकडं बघते. म्हणून मी पर्समधून नोट काढून तिच्या ॲप्रनच्या खिशात सरळ सारते, आतल्या खोलीतच, काउंटरवर यायच्या आधी.

लग्नाचं पॅकेज असेल तर अजून सांभाळून. पंधरा-वीस हजार मेकअपवालीला मोजतो आपण, पण पहाटे चारला नवरीच्या निऱ्या धरून तोंडात पिना घेऊन गुडघ्यावर बसलेली असते ती असिस्टंट. टिप तिची. नवरदेवाच्या बाजूनं मात्र आपल्याकडं सगळं पहिल्यापासून ठरलेलं आहे, त्याची हजामत करणाऱ्याला टॉवेल-टोपी, नारळ आणि वर दक्षिणा, आणि जावळाला बी तसंच, मामाच्या मांडीवर लेकरू आणि न्हाव्याला मान. खेड्यात तर रोख पैशाचा संबंधच नव्हता, न्हावी बारा बलुतेदारांतला, वर्षभर घरादाराची हजामत करायचा आणि सुगीला खळ्यावरून ज्वारी घेऊन जायचा. त्यात सोय होती असं म्हातारी माणसं म्हणतात, मला काही ते पटत नाही, एखाद्यानं माप कमी घातलं तर तो बोलणार कुणाला.

आता मामेबहिणीचे टक्के. तिकडं कटिंगवर पंधरा ते वीस टक्के द्यायची रीत आहे. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी तिथल्या केंद्राच्या कायद्यात मालकानं द्यायची किमान मजुरी ताशी २.१३ डॉलर, ती १९९१ पासून तेवढीच, बाकीची कसर टिपेतून निघेल असं धरलेलं, काही राज्यांत जास्त आहे ते वेगळं. म्हणजे तिथं टिप हा मजुरीचाच तुकडा झालाय. आपल्याकडं तसं धरलेलं नाही आणि धरू बी नये, नाहीतर मालक म्हणतील गिऱ्हाईक देतंय की, आम्ही हिस्सा कशाला वाढवू. म्हणून मी टक्के सांगत नाही कुणाला.

दुसरं, एसी सलूनच्या बिलावर जीएसटी बघून कितीतरी जण म्हणतात, दिली की टिप त्यात. अहो तो सरकारचा कर आहे, कारागिराला त्यातली दमडी मिळत नाही. पूर्वी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय. आपल्या गल्लीतल्या सलूनला तर तो सहसा लागतच नाही, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली की नोंदणीच लागत नाही.

घरी येणाऱ्यांचं कामून कुणी विचारत नाही काय माहीत. बाळ-बाळंतिणीला मालिश करायला येणारी मावशी, तिला सव्वा महिना झाला की साडी नेसवायची पद्धत आहे. करा, पण कपाटात पडलेली आहेराची साडी काढून देऊ नका, तिच्याकडं तसल्या पंचवीस असतात. पैसेच द्या, ठरल्यापेक्षा चार दिवसांचे जास्त. ॲपवरून बोलावलेली पोरगी मे महिन्याच्या उन्हात सगळं सामान पाठीवर घेऊन तीन मजले चढून आली तर आधी पाणी, मग काम, आणि जाताना ५० ची नोट. आणि एक, भाव करून २० रुपये कमी करायचे आणि मग १० टिप द्यायची हे कृपा करून करू नका, ते सगळ्यांना कळतंय.

टिप नाही दिली तर पुढच्या वेळी केस वाकडे कापेल का, हे बी विचारतात. नाही हो. तो लक्षात ठेवतो ते रविवारी रात्री साडेनऊला, शटर अर्धं खाली आलेलं असताना, दोन पोरं घेऊन आत वाकून येणाऱ्याला. तेव्हा मात्र शंभर द्या.