नवी बॅटरी, तरीही 'लो बॅटरी': पहाटे ३:१० चा छडा लागला

घरातल्या चोर-अलार्मच्या पॅनलवर (सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य पेटीवर) 'लो बॅटरी'चा इशारा येत होता. मागच्या नोंदीत 'बॅटरी बदलली, इशारा गेला' असं लिहून तो विषय मिटवला होता. तो मिटलेला नव्हता. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची कोरी बॅटरी बसवली आणि चौथ्या दिवशी कीपॅडवर पुन्हा पिवळा दिवा. मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर छान १३.६८ व्होल्ट. इशारा पुसला, दोन दिवस शांतता, मग परत तेच. या खेपेला पॅनलची इव्हेंट नोंद ओळीने उतरवून काढली आणि धागा तिथेच हाती लागला: चारही इशारे पहाटे ३:१० चे. एक मिनिटही इकडे-तिकडे नाही.

थकलेली बॅटरी कधीही कुरकुरते. ठरलेल्या मिनिटाला येणारा इशारा म्हणजे पॅनलची स्वतःची चाचणी. आपला पॅनल २४ तासांतून एकदा चार्जर बाजूला करतो, बॅटरीवर साधारण १ अँपिअर करंट ओढणारा लोड पाचेक सेकंद टाकतो आणि व्होल्टेज ११.५ च्या खाली गेलं की इशारा देतो. दिवसाचा बाकी सगळा वेळ चार्जर चालू असतो. म्हणजे सकाळी मीटरवर दिसलेले १३.६८ व्होल्ट चार्जरचे होते, बॅटरीचे नव्हतेच. निम्मी मेलेली बॅटरी लावली तरी तिथे जवळपास हाच आकडा दिसेल. 'व्होल्टेज बरोबर आहे, तरी इशारा येतो' असं इथे अनेकांनी लिहिलंय; त्या सगळ्यांनी आधी हे तपासा की मोजताना मेन सप्लाय बंद होता का.

म्हणून चाचणी हाताने घेतली. पॅनल इंजिनिअर मोडमध्ये (दुरुस्तीच्या मोडमध्ये), मॉनिटरिंग सेंटर असेल तर त्यांना आधी कळवून सिस्टिम टेस्टवर, सायरनची वायर सुटी. बोटातली अंगठी काढून ठेवा. ७ अँपिअर-तासाची छोटी दिसणारी बॅटरी शॉर्ट झाली तर शंभराहून जास्त अँपिअर सहज देते. सायरनच्या जागी लोड म्हणून १८ ओहम, २० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर वापरला. १२.४ व्होल्टला तो ०.६९ अँपिअर घेतो, पॅनल आणि सेन्सर मिळून ०.२५, एकूण ०.९४. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, फरशीच्या तुकड्यावर ठेवा. आणि तो बॅटरीच्या पट्ट्यांवर (बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर) न लावता सर्किट बोर्डावरच्या बॅटरी टर्मिनलवर लावा, म्हणजे सगळा करंट नेहमीच्याच वायरी, फ्यूज आणि थिंबलांमधून (वायरीच्या टोकाला असलेल्या, पट्टीवर चढणाऱ्या धातूच्या टोप्यांमधून) जाईल. ही जागा चुकली तर पुढचं काहीच दिसत नाही.

मेन बंद केला, लोड टाकला. बॅटरीच्या पट्ट्यांवर १२.४८ व्होल्ट. बोर्डावर ११.६०. जेमतेम ४० सेंटिमीटरच्या दोन वायरींत ०.८८ व्होल्ट गायब!

आता हा ०.८८ नेमका कुठे जातोय ते शोधायचं. मीटर डीसी व्होल्टच्या खालच्या रेंजवर, लोड चालूच, आणि दोन्ही प्रोब एकाच सांध्याच्या दोन बाजूंना: एक पट्टीवर, दुसरा थिंबलच्या शेपटीवर. मग पुढचा सांधा, मग पुढचा. लाल थिंबल ०.५२ व्होल्ट. फ्यूज आणि त्याचा होल्डर मिळून ०.२७. काळा थिंबल ०.०६. दोन्ही वायरी मिळून ०.०३. बेरीज बरोबर ०.८८. लाल थिंबलच्या एका सांध्याचा रोध ०.५५ ओहम निघाला, म्हणजे अख्ख्या वायरीच्या सतराएक पट.

हा रोध मीटरच्या ओहम रेंजवर सापडत नाही. साध्या मीटरच्या प्रोबचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो, त्यात हा आकडा हरवतो. करंट वाहत असताना मिलीव्होल्टमध्ये मोजणं हाच खरा उपाय.

कारण साधं निघालं. ७ अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटरच्या त्याच खोक्यात दोन प्रकारच्या पट्ट्यांनी मिळतात: एफ१ म्हणजे ४.७५ मिलिमीटर रुंद, एफ२ म्हणजे ६.३५. जुनी बॅटरी एफ२ होती, नवी एफ१ आली. ६.३५ चा थिंबल ४.७५ च्या पट्टीवर चढतो, हाताला बसल्यासारखाही वाटतो. पण थिंबलच्या दोन्ही वळलेल्या कडांनी पट्टी सपाट दाबायला हवी. अरुंद पट्टी एकाच कडेखाली सरकते आणि टेकते फक्त एका बिंदूवर. त्यातून थिंबल पकडीने चेपून 'घट्ट' केलेला. चेपल्याने पितळेची स्प्रिंग मरते आणि सांधा दिवसेंदिवस आणखी ढिला होतो. थिंबल ओढून काढला तेव्हा पट्टीच्या एका कडेला मोहरीएवढा काळपट डाग होता. सगळा करंट त्या मोहरीतून जात होता.

इशारा रोज का येत नव्हता, तेही कळलं. लोड चालू ठेवून लाकडी काडीने लाल थिंबल हलकेच ढकलला, तर बोर्डावरचं व्होल्टेज ११.६० वरून ११.१८ वर आणि परत वर. सीमारेषा ११.५. सांधा ज्या रात्री जरा बरा बसलेला, त्या रात्री पास. नाही त्या रात्री नापास.

चार्जिंगला मात्र या सांध्याने काहीच त्रास झाला नाही. पूर्ण भरलेली बॅटरी फ्लोटवर, म्हणजे चार्जर तिला नुसती भरलेली ठेवत असताना, काही मिलीअँपिअरच घेते. १० मिलीअँपिअर गुणिले ०.५५ ओहम म्हणजे साडेपाच मिलीव्होल्ट. म्हणून दिवसा बोर्डावर आणि बॅटरीवर आकडा एकच दिसायचा. दोष करंट मागितल्यावरच दिसतो, आणि पॅनल तो मागतो पहाटे ३:१० ला.

दुरुस्ती: ४.७५ मिलिमीटरचे इन्सुलेटेड मादी थिंबल, वायरीच्या जाडीला जुळणारे, रॅचेट क्रिंपरने दाबलेले. दाबून झाल्यावर वायर जोरात ओढून बघा; निघाली तर तो क्रिंप नव्हताच. एफ१ वरून एफ२ करणारे छोटे अडॅप्टर मिळतात, पण जो सांधा त्रास देतोय तिथे आणखी एक सांधा वाढवण्यात अर्थ नाही. पट्टीला थेट डाख तर मुळीच देऊ नका. उष्णतेने पट्टीभोवतीचं सील उघडतं आणि आम्ल बाहेर झिरपतं. काचेच्या फ्यूजचा ढिला होल्डर काढून ब्लेड फ्यूजचा बसवला, अँपिअर पॅनलच्या पत्रकात लिहिलेले तेवढेच. बॅटरी सोडताना काळी वायर आधी, जोडताना काळी शेवटी.

पुन्हा तोच १८ ओहम. दोन्ही थिंबल ०.०१-०.०१, फ्यूज आणि होल्डर ०.०६, वायरी ०.०३. बॅटरीवर १२.४८, बोर्डावर १२.३७. मीटरवर हा आकडा स्थिर उभा राहिलेला बघायला फार बरं वाटलं!

पुढचा बेत असा होता: बॅटरीला व्होल्टेज लॉगर लावायचा आणि पहाटेची बुडी रोज टिपायची. १०० किलोओहम आणि २२ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी), १३.८ व्होल्टचे साधारण २.४९ व्होल्ट, पुढे १६ बिटचा एडीएस१११५ (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप, म्हणजे एडीसी) आणि ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर). ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी या कामाला नको, तो टोकांकडे सरळ रेषेत चालत नाही. लॉगरला सप्लाय पॅनलच्या ऑक्झिलरी आउटपुटवरून द्यायचा नाही हेही ठरलं होतं, कारण वायफायचे झटके ३०० मिलीअँपिअरवर जातात आणि जो लोड मोजायचा तोच बदलतो.

डिव्हायडर जोडेपर्यंत आलो आणि इव्हेंट नोंदीत एक गोष्ट दिसली. दुरुस्तीनंतर पॅनलला १६:२० ला सप्लाय दिला, आणि दुसऱ्या दिवसाची चाचणी १६:२० लाच झाली. हा पॅनल भिंतीवरच्या घड्याळाने चालत नाही, सप्लाय आल्यापासून २४ तास मोजतो. म्हणजे चाचणी आपल्याला हव्या त्या वेळेवर आणता येते! मेन आणि बॅटरी दोन्ही सोडा, सोयीच्या वेळी परत जोडा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मिनिटाला मीटर 'मिन-मॅक्स'वर (किमान-कमाल आकडा धरून ठेवणाऱ्या मोडवर) लावून समोर बसा. सगळे पॅनल असं करत नाहीत, काहींत चाचणीची वेळ प्रोग्रॅमिंगमध्ये भरावी लागते, काही दर काही तासांनी घेतात. तुमच्या पॅनलचं काय ते इव्हेंट नोंदच सांगेल. लॉगर सध्या बाजूला.

१६:२० च्या पाच दिवसांच्या किमान नोंदी, बोर्डावर: १२.३१, १२.३३, १२.३३, १२.३२, १२.३३. मीटर सेकंदाला दोन-तीन वेळा मोजणारा साधाच आहे, पण पाच सेकंदांच्या चाचणीला पुरतो.

९ अँपिअर-तासाची बॅटरी टाकायचा विचार मागच्या नोंदीत मांडला होता, तो रद्द. मेन गेल्यावर ०.२५ अँपिअर गुणिले १२ तास म्हणजे ३ अँपिअर-तास. त्यावर १५ मिनिटं सायरनसह ०.९४, म्हणजे सुमारे ०.२४. दोन्हींच्या बेरजेला राखीव म्हणून १.२५ ने गुणलं की ४ च्या आसपास. ७ ची बॅटरी झिजून ६० टक्क्यांवर आली तरी ४.२ उरतात. मोठी बॅटरी आपल्या पॅनलच्या ३५० मिलीअँपिअर चार्जरला भरायला आणखी वेळ लावेल, आणि खराब सांध्यातून तीही नापासच झाली असती.

बॅटरी घेताना मात्र चोखंदळ राहा. पेटीवरचा तारखेचा कोड बघा. सहा महिन्यांहून जास्त काळ चार्ज न होता पडून राहिलेली घेऊ नका. मीटर सोबत न्या: १२.७ च्या वर असेल तर ठीक, १२.५ च्या खाली असेल तर परत. आणि हातात तोलून बघा. खऱ्या ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीचं वजन दोन किलोच्या वर भरतं. दीड किलोची बॅटरी ७ चं लेबल लावून येते, कारण आत शिसंच कमी असतं. विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी वजनकाट्यावर जास्त विश्वास ठेवा. ट्रान्सफॉर्मर पेटीच्या आतच असेल तर बॅटरी त्याच्यापासून शक्य तितकी लांब सरकवा. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना आयुष्य निम्मं होतं आणि फ्लोट व्होल्टेज अंशामागे १८ मिलीव्होल्टने उतरायला हवं. बहुतेक साधे चार्जर तसं करत नाहीत.

झोन ६ चा (पॅनलवरच्या सहाव्या विभागाचा) वायरलेस दरवाजा-सेन्सर आता थोडक्यात, कारण दुखणं त्याच जातीचं आहे. इशारा पहाटे थंडीत, दुपारी आपोआप गायब. त्यातला सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल काढून मोजला तर २.९७ व्होल्ट, म्हणजे वरकरणी ठीक. १०० ओहमचा रेझिस्टर दोन सेकंद लावला तर थेट २.४१. कोरा सेल त्याच रेझिस्टरवर ३.२२ वरून ३.१८ ला थांबतो. जुन्याचा आतला रोध २३ ओहम, नव्याचा दीडच्या आत. लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे लोड नसताना घेतलेला आकडा काहीच सांगत नाही. थंडीत आतला रोध आणखी वाढतो आणि सेन्सर सिग्नल पाठवायला करंट ओढतो त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. दोन रंगांचे दिवे दाखवणारे सेल-टेस्टर या कामाला निरुपयोगी. १०० ओहमचा एक रेझिस्टर पुरे.

सेल बदलताना जुना काढल्यावर लगेच नवा घालू नका. टॅम्परचा खटका (झाकण उघडल्याचं कळवणारा) चार-पाच वेळा दाबा आणि मिनिटभर थांबा, म्हणजे आतला कपॅसिटर रिकामा होऊन प्रोसेसर नीट बंद होतो. नाहीतर तो अर्धवट अडकतो आणि नव्या सेलवरही 'लो बॅटरी'च पाठवत राहतो. रिचार्जेबल १२३ घालू नका. त्यातले बरेच पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातात आणि ३ व्होल्टचा सेन्सर जळू शकतो. दोन सेलचा सेन्सर असेल तर दोन्ही एकदमच बदला. झाकण लावल्यावर दरवाजा एकदा उघडून बंद केला की ताजी स्थिती पॅनलला पोचते. झोन ६ चा इशारा तिथेच पुसला गेला.

बाहेरच्या सायरनच्या पेटीतला ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक अजून लोडवर तपासायचा आहे. त्याचा दोषही काही पॅनल त्याच 'लो बॅटरी' दिव्याखाली दाखवतात. सहा सेलचा पॅक आहे, १८ ओहमवर तो ०.४ अँपिअर देईल. एक मिनिट लोड ठेवून ६.६ च्या खाली गेला तर पॅक बदलायचा. १६:२० च्या नोंदी ३० व्या दिवसापर्यंत चालूच राहणार आहेत.