गुडघा पुन्हा गेला तर?

फेब्रुवारी अर्धा सरला, तरी बारावीतली बास्केटबॉलची एखादी चांगली गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी आणि पास देणारी खेळाडू, कुठल्याच कॉलेजशी बांधली गेलेली नसेल तर त्यामागे कारण असतं. मार्क कमी पडत असतात, नाहीतर तिच्या वागण्याबद्दल कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं, नाहीतर गुडघा. या मुलीच्या बाबतीत गुडघा होता.

मी मिनेसोटातल्या एका लहान कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाची असिस्टंट कोच आहे. आमचा संघ डिव्हिजन टूचा, म्हणजे कॉलेज खेळाच्या दुसऱ्या पातळीवरचा. टीव्हीवर जे भरगच्च स्टेडियम दिसतं ते डिव्हिजन वन. मी नागपूरला विद्यापीठाकडून खेळले, मास्टर्स करायला इकडे आले, शिकता शिकता संघाबरोबर ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम मिळालं आणि इथलीच झाले. शाळांमधल्या मुली हेरणं, त्यांचे सामने पाहणं, घरच्यांशी बोलणं, थोडक्यात रिक्रूटिंग, हे बरंचसं माझ्याकडे असतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी आयोवाच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका गावी गेले होते. त्या मुलीच्या कोचने जानेवारीतल्या सामन्यांचे व्हिडिओ पाठवले होते. एप्रिल २०२३ मध्ये शाळेबाहेरच्या क्लबकडून खेळताना तिच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, तुटलं, ऑपरेशन झालं आणि नऊ महिन्यांनी ती पुन्हा कोर्टवर उतरली होती. या नऊ महिन्यांत काय हुकलं हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. अकरावी संपल्यानंतरचा जुलै म्हणजे कॉलेजवाल्यांचा मुख्य बाजार. एकेका मोठ्या हॉलमध्ये रांगेने कोर्ट आखलेले असतात, क्लबचे संघ सकाळपासून रात्रीपर्यंत खेळत असतात आणि देशभरचे कोच कडेच्या घडीच्या खुर्च्यांवर वह्या घेऊन बसलेले असतात. त्या जुलैत ही मुलगी पायाला ब्रेस लावून बाकावर होती. कोणी तिला वाईट म्हटलं नाही, कोणी नाकारलंही नाही. तिचं नाव याद्यांमधून आपोआप गळालं.

त्यात वर्षही वाईट होतं. कोविडमुळे २०२०-२१ च्या मोसमात खेळलेल्या सगळ्यांना एक वर्ष वाढवून मिळालं होतं, त्यामुळे जुन्या मुली अजून जागा धरून होत्या. दुसरीकडे ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२१ पासूनच्या नियमाने कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला पहिल्या बदलीसाठी वर्षभर बाहेर बसावं लागत नव्हतं. मग कोच विचार करतो, शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला घडवण्यापेक्षा दोन वर्षं कॉलेज खेळलेली तयार मुलगी का घेऊ नये? हा विचार मला समजतो, पण पटत नाही. चार वर्षं एका मुलीला वाढताना बघायचं नसेल तर कॉलेजात कोच कशाला व्हायचं?

जानेवारीत हिमवादळ होऊन गेलं होतं, पण नंतर बर्फ वितळला आणि फेब्रुवारी विचित्र उबदार निघाला. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली तपकिरी शेतं, मध्ये डुकरांचे लांबट गोठे. आयोवात तो आठवडा साधा नव्हता. १५ फेब्रुवारीला केटलिन क्लार्कने आयोवा विद्यापीठाकडून खेळताना एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या महिला डिव्हिजन वनमधला केल्सी प्लमचा कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा विक्रम मोडला होता, तेही ४९ गुणांच्या सामन्यात. मी जिममध्ये शिरले तर तिकिटाच्या टेबलापासून वरच्या बाकापर्यंत दुसरी-तिसरीतल्या मुली क्लार्कच्या २२ नंबरचे जर्सी घालून पळत होत्या. पॉपकॉर्नचा वास, शाळेचा बँड, चिप्सच्या पिशवीतच मांस आणि चीज टाकून देतात तो वॉकिंग टाको. शाळेच्या नावात तीन गावांची नावं होती. लोकसंख्या घटली की शाळा अशा एकत्र करतात.

प्रादेशिक फेरीचा सामना होता. हरलं की मोसम संपला.

मी गुण मोजत नाही, ते स्कोअरबुकात मिळतात. ऑपरेशन झालेली मुलगी पाहताना मी पहिली काही मिनिटं बॉलकडे बघतच नाही, पायांकडे बघते. उडी मारून उतरताना वजन दोन्ही पायांवर सारखं पडतं का? गुडघा आत वळतो का? डाव्या पायावर रोवून दिशा बदलते का, की प्रत्येक वेळी उजव्याचाच आधार घेते? पहिल्या क्वार्टरमध्ये ती डावा पाय वाचवत होती. लेअप, म्हणजे धावत बास्केटजवळ जाऊन टाकायचा शॉट, तोही उजव्या पायावरून उडी घेऊन डाव्या हाताने टाकत होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकदा बॉल सुटला, ती धावली, डावा पाय रोवून वळली आणि मागे न बघता कोपऱ्यातल्या मुलीला पास दिला. तिथून पुढे तिला पायाचा विसर पडला. तो विसर मला हवा होता.

थ्री-पॉइंटरबद्दल, म्हणजे रेषेच्या बाहेरून टाकलेल्या तीन गुणांच्या शॉटबद्दल, मात्र मी सावध होते. शाळेत ती रेषा १९ फूट ९ इंचांवर असते, कॉलेजात मुलींसाठी २२ फूट पावणेदोन इंचांवर. म्हणजे शाळेत भरवशाने पडणारा शॉट कॉलेजात पहिलं वर्षभर रिंगला लागून परततो. पण तिचे बरेचसे शॉट रेषेच्या बरेच मागून होते आणि बॉल सुटताना मनगट सैल होतं. पास देण्याची दृष्टी तर शिकवून येत नाही.

तीन गुणांनी हरले. शेवटच्या बझरनंतर ती हात मिळवण्याच्या रांगेत नीट उभी राहिली आणि मग बाकावर टॉवेलमध्ये तोंड घालून रडली. शाळेच्या जर्सीतला शेवटचा सामना होता तो. नियमाप्रमाणे सामना संपून तिचा कोच तिला मोकळं करेपर्यंत मी तिच्याशी बोलू शकत नाही. तो आला, मला म्हणाला, "जा, आता भेट." मी तिच्या वडिलांना सांगितलं की आज नको, मी परत येईन. तेवढ्यात बाजूच्या बाई म्हणाल्या, "कोच, एवढ्या लांबून आलात, जेवायला चला. ती घरी रडेलच, तुम्ही असलात काय आणि नसलात काय."

त्या तिच्या आजी.

शेतावरचं घर. मोठं जेवणाचं टेबल, त्यावर बटाट्याच्या टॉट्सचं कॅसरोल. मुलगी गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून बसली. आई नर्स, वडील मका आणि डुकरं बघतात. आजी बहात्तर वर्षांच्या, आणि बास्केटबॉलबद्दल बोलायला लागल्या की कोणाला मध्ये बोलू देत नव्हत्या.

आयोवात मुलींचा खेळ निराळा होता. एका संघात सहाजणी. तीन फॉरवर्ड आणि तीन गार्ड, आणि कोर्टाची मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. फॉरवर्ड तिकडे बास्केट करणार, गार्ड इकडे अडवणार. ड्रिबल फक्त दोनदा. १९९३ पर्यंत हे चाललं. बाकीच्या अमेरिकेला मुलींचे सामने बघायला कोणी येतं हे माहीतही नव्हतं, तेव्हा इथली गावंच्या गावं राज्यस्पर्धेला डे मॉइनला जायची. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटनने जवळच्याच एव्हर्लीला जादा वेळेत ११३-१०७ असं हरवलं, तो सामना आजींना काल झाल्यासारखा पाठ होता. त्याच युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँगने त्या वर्षी एका सामन्यात १११ गुण केले होते आणि पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या एनबीए संघाने तिला पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, निवडलं होतं.

"मी गार्ड," आजी म्हणाल्या. "शाळेत सगळी वर्षं खेळले. माझ्या नावावर एकही बास्केट नाही. टाकायची परवानगीच नव्हती."

त्यांची शाळा १९७० मध्ये संपली. मुलींच्या कॉलेज खेळाला ज्या कायद्यामुळे पैसे मिळायला लागले तो टायटल नाईन १९७२ चा. दोन वर्षांनी हुकलं त्यांचं. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण मला ते ऐकून राग आला, अजून येतो.

मग पैशांचं बोलणं निघालं. डिव्हिजन टूमध्ये मुलींच्या संघाला दहा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येते, आणि ती पंधरा-सोळा मुलींमध्ये तुकडे करून वाटायची असते. एवढेही पैसे सगळ्या कॉलेजांकडे नसतात. पुढच्या मोसमासाठी आमच्याकडे अर्ध्या शिष्यवृत्तीएवढं शिल्लक होतं आणि ते मी तिच्यासाठी घेऊन आले होते. मी आकडा सांगितला. वडिलांनी मान डोलावली. मुलगी पहिल्यांदाच हसली. आजींनी हातातला चमचा खाली ठेवला.

"कोच, एकच विचारते. गुडघा पुन्हा गेला तर?"

टेबलावर कोणी काही बोललं नाही. आईला उत्तराचा अर्धा भाग माहीत होता. ऑपरेशननंतर खेळायला परतलेल्या तरुण खेळाडूंमध्ये साधारण पाचातल्या एकीचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जातो. नर्सला हे सांगावं लागत नाही. पैशांचं उत्तर मला द्यायचं होतं.

अशा वेळी रिक्रूटर म्हणतात, आम्ही कुटुंब आहोत, आम्ही आमच्या मुलींना वाऱ्यावर सोडत नाही. मी हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलंय की मला त्याची चीड आहे. मी नियम सांगितला. आमचा करार एका वर्षाचा असतो. त्या वर्षात दुखापत झाली म्हणून रक्कम कमी करता येत नाही, तसा नियमच आहे. पण वर्ष संपल्यावर पुढच्या वर्षासाठी तो पुन्हा करायचा की नाही, हे कॉलेज ठरवतं. नाही करायचा तर १ जुलैपर्यंत कळवावं लागतं आणि मुलीला दाद मागता येते. आमच्या हेड कोचने जखमी मुलीचे पैसे काढलेले मी पाहिलेले नाहीत. पण उद्या हेड कोच बदलली तर नव्या माणसाचं वचन मी देऊ शकत नाही.

"म्हणजे कागदावर एक वर्ष," आजी म्हणाल्या.

"हो. कागदावर एकच वर्ष."

माझ्या लहानपणी नागपुरात खेळाडूच्या घरी नोकरीचं बोलणं व्हायचं. रेल्वे घेईल का, खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यात बसेल का. तिथे आधी खेळून दाखवायचं असतं आणि फळ नंतर मिळतं. इथे उलटं आहे. मुलगी अजून आपल्यासाठी एकही सामना खेळलेली नसते आणि आपण तिच्या घरी बसून पुढच्या चार वर्षांचं बोलत असतो. म्हणून नेमकं काय कबूल करतोय आणि काय नाही, हे तिला आणि तिच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

मी मुलीला तिचे मार्क विचारले. ४ पैकी ३.९. मग मी वहीचं पान फाडून त्यावर दोन रकाने केले. एकीकडे खेळाचे पैसे, दुसरीकडे अभ्यासाचे. एवढ्या मार्कांवर आमच्या कॉलेजची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळते, आणि ती कोचच्या हातात नसते. कॉलेजात ३ च्या वर राहिलं की ती चालू. गुडघा गेला तरी चालू, संघ सोडला तरी चालू. शिवाय ती आमच्या दहाच्या हिशेबातही धरली जात नाही. अभ्यासाचा रकाना जेवढा भरता येईल तेवढा आधी भरायचा आणि उरलेली पोकळी खेळाच्या पैशांनी बुजवायची, असं केलं तर गुडघ्यावर टांगलेली रक्कम अगदी थोडी राहत होती.

संघाच्या बाजूने यात एक अडचण आहे आणि तीही मी त्यांच्यासमोर बोलले. खेळाचे पैसे मुलीला संघाशी बांधून ठेवतात. अभ्यासाच्या पैशांवर आलेली मुलगी दुसऱ्या वर्षी "मला नाही खेळायचं" म्हणून निघून गेली, तर आम्ही काही करू शकत नाही. ती पकड सोडायला हेड कोचची परवानगी हवी होती. मी मागच्या दारातून अंगणात जाऊन फोन लावला. हेड कोच आधी गप्प राहिल्या. मग विचारलं, "पास कसा देते?" मी तिसऱ्या क्वार्टरचा तो पास सांगितला. त्या म्हणाल्या, "कर मग तसं. आणि फाफ्साचं सांग त्यांना, नाहीतर एप्रिलमध्ये आपल्याला खोटं ठरवतील."

ते सांगणं गरजेचंच होतं. सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म त्या वर्षी नव्याने बनवला होता आणि तो इतका रखडला की कॉलेजांकडे आकडे मार्चपर्यंत पोचलेच नाहीत. त्यामुळे मी पानावर लिहिलेल्या एका ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं. वडिलांना ते आवडलं नाही. शेतकऱ्याला मार्चमध्ये बियाणं, खत, डिझेल सगळ्याचा हिशेब लावायचा असतो. मला त्यांचं पटत होतं, पण त्या प्रश्नचिन्हाच्या जागी आकडा टाकणं माझ्या हातात नव्हतं.

मुलगी इतका वेळ ऐकत होती. निघताना तिने विचारलं, "कोच, गुडघा चांगला राहिला तर मी पहिल्या वर्षी खेळेन?" मी म्हटलं, पहिल्या वर्षी फार नाही. तुझ्यापुढे दोन गार्ड आहेत आणि तुझा शॉट अडीच फूट मागे न्यायचाय. ती नाराज झाली, ते चेहऱ्यावर दिसलं. तरी मार्चमध्ये कॉलेज बघायला आली, दोन रात्री आमच्या मुलींच्या खोल्यांवर राहिली, आणि एप्रिलच्या मध्यात सह्यांचा टप्पा उघडल्यावर तिने सही केली. अंतिम पत्रात अभ्यासाचा आकडा खेळाच्या आकड्याच्या दुपटीहून मोठा होता. पत्र हातात पडल्यावर आजींनी फोन करून प्रत्येक ओळ मला वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीला विचारलं, "ही कोणाच्या हातात?"

ते दोन रकान्यांचं पान नंतर आम्ही छापूनच घेतलं. गेल्या हिवाळ्यात साउथ डकोटातल्या एका घरी मुलीचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते आणि वडिलांना फक्त तिला जर्सीचा नंबर कोणता मिळेल हे विचारायचं होतं. नंबर मी सांगितला, आणि मग ते पान त्यांच्यासमोर ठेवून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.