नेटलिस्ट आधी डोळ्यांनी वाचा

चिपचा लेआउट, म्हणजे सिलिकॉनवर काय कुठे बसेल त्याचा नकाशा, पुरा झाला की माझ्या विद्यार्थ्यांना एकच घाई असते: नेटजेन (लेआउट स्किमॅटिकशी जुळतो का ते पाहणारं सॉफ्टवेअर; या तुलनेलाच एलव्हीएस म्हणतात) चालवायचं आणि ‘सर्किट्स मॅच युनिकली’ ही ओळ बघायची. मी त्यांना मध्येच थांबवते. मॅजिकने, म्हणजे लेआउटच्या सॉफ्टवेअरने, काढून दिलेली स्पाइस फाइल आधी उघडा, म्हणते. हीच नेटलिस्ट: कुठला भाग कुठे जोडलाय याची यादी. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, आपल्या मनातलं सर्किट असतं. सिलिकॉनवर उतरणार ते या फाइलीतलं.

फाइल काढणं अवघड नाही. डीनल आणि नोकन्सोल हे पर्याय दिले की मॅजिक खिडकी न उघडता टर्मिनलवरच चालतं. सोबत स्काय१३०ए (आम्ही वापरतो ती चिप बनवण्याची प्रक्रिया) ची आरसी फाइल, म्हणजे सुरुवातीची सेटिंग्ज, द्यायची. मग लोड, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, ‘ईएक्सटी-टू-स्पाइस एलव्हीएस’ आणि शेवटी नुसतं ‘ईएक्सटी-टू-स्पाइस’. आधी प्रत्येक सेलची (लेआउटच्या तुकड्याची) एकेक ईएक्सटी फाइल बनते, मग त्या सगळ्यांतून एक नेटलिस्ट. या ओळी एका टीसीएल (मॅजिकच्या आज्ञा लिहायची भाषा) फाइलीत लिहून ठेवल्या की लेआउट बदलल्यावर नुसती तीच चालवायची. (मॅजिक आणि टीसीएल, दोन्हींच्या मुळाशी जॉन आउस्टरहौट. १९८० च्या दशकात बर्कलीला विद्यार्थ्यांसोबत त्यांनी मॅजिक लिहिलं. आज टिम एडवर्ड्स ते सांभाळतात. चाळीस वर्षं कुणी ना कुणी हे जपलं, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.)

आता वाचायचं काय? नोडची, म्हणजे सर्किटमधल्या जोडबिंदूंची, नावं. ज्या नोडला आपण लेबल दिलेलं नसतं त्याला मॅजिक स्वतः नाव देतं, आणि त्या नावात पत्ता असतो. सुरुवातीला ‘ए’ असेल तर नोड पॉली-डिफ्यूजनच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर बनतात त्या, पातळीवरचा, ‘एलआय’ म्हणजे लोकल इंटरकनेक्ट, ‘एम१’ म्हणजे पहिला मेटल, ‘डब्ल्यू’ म्हणजे वेल, ज्यात ट्रान्झिस्टर बसतो तो सिलिकॉनचा भाग. पुढचे दोन आकडे म्हणजे लेआउटमधली जागा. आकड्याआधी ‘एन’ असला तर तो ऋण समजायचा.

एका मुलीच्या इन्व्हर्टरमध्ये (० चं १ आणि १ चं ० करणारं छोटं सर्किट) पीफेटच्या, म्हणजे पी-प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या, ओळीत ड्रेन, गेट, सोर्स बरोबर होते. चौथा नोड, म्हणजे बॉडी, तिथे व्हीडीडी (वीजपुरवठ्याची तार) हवं होतं. होतं ‘डब्ल्यू’ने सुरू होणारं लांबलचक नाव. एन-वेल काढलं होतं, पण त्याला टॅपच, म्हणजे वेल पुरवठ्याला जोडणारा संपर्कच, नव्हता. स्किमॅटिकमध्ये बॉडी व्हीडीडीला जोडलेली, म्हणून तिचं सिम्युलेशन सुरेख चाललं होतं. लेआउटमध्ये वेल तरंगत होतं. नेटजेननेही हे पकडलं असतंच. पण नुसत्या न जुळणाऱ्या नेटच्या यादीवरून जागा शोधत बसावं लागतं. इथे मॅजिकमध्ये ‘गोटू’पुढे ते नाव लिहिलं आणि बॉक्स थेट त्या वेलवर गेला. एन-टॅप टाकला, पुन्हा एक्स्ट्रॅक्ट केलं, नाव गेलं. तशीच नजर एनफेटच्या बॉडीवरही ठेवावी. तिथे ‘व्हीसब्स’ दिसलं तर सबस्ट्रेट ग्राउंडला जोडायचं राहिलंय.

हे सगळं आमच्यासारख्या छोट्या गावातल्या कॉलेजात करता येतं याचं मला अजून अप्रूप आहे. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने १३० नॅनोमीटर प्रक्रियेचं पीडीके (त्या प्रक्रियेचे डिझाइन-नियम आणि मॉडेल्स यांचा संच) खुलं केलं, तेव्हापासून खऱ्या फॅबचे, म्हणजे चिप कारखान्याचे, नियम मुलांच्या साध्या लॅपटॉपवर आले. महागड्या लायसन्सची वाट बघायला नको. स्किमॅटिकच्या बाजूला आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम हे सर्किट काढायचं खुलं सॉफ्टवेअर आहेच.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. ‘एलव्हीएस’ पर्यायाने काढलेल्या नेटलिस्टमध्ये तारांचे पॅरासिटिक (न मागता आपोआप तयार होणारे) कपॅसिटर नसतात, कारण तुलनेला ते नको असतात. तीच फाइल एनजीस्पाइस या सिम्युलेटरला देऊन रिंग ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी मोजली तर आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा येणार. वेग मोजायचा असेल तर ‘सीथ्रेश ०’ (छोटे कपॅसिटरही गाळू नका) देऊन नेटलिस्ट पुन्हा काढा. फेम्टोफॅरॅडमधल्या कपॅसिटरांनी फाइल भरून जाईल, आणि तेच हवंय. रेझिस्टन्स त्यातही येत नाही. लांब, अरुंद पॉलीच्या तारा असतील तर ‘एक्स्टरेझिस्ट’ची वेगळी पायरी करावी लागते. ती वेळ घेते, म्हणून मी ती एलव्हीएस जुळल्यानंतरच करायला लावते.