बाळाला पहिला शेंगदाणा: माझा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाचे गाल तिसऱ्या महिन्यातच एक्झिमानं (इसबानं) फुटले होते. चौथ्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या, शेंगदाणा लवकर सुरू करा, पण आधी अ‍ॅलर्जीची तपासणी.

अ‍ॅलर्जी क्लिनिकच्या फॉर्मवर प्रश्न होता, शेंगदाण्यानं कधी त्रास झालाय का? कधी खाल्लाच नाही, तर त्रास कुठून होणार? मी 'नाही' लिहिलं आणि नाव बिनतातडीच्या यादीत गेलं. तारीख साडेचार महिन्यांनंतरची! दर सोमवारी फोन, दर सोमवारी एकच उत्तर: रिअ‍ॅक्शन आली तर इमर्जन्सीत न्या. अहो, ती येऊ नये म्हणूनच तर रांगेत उभी आहे ना मी! आजही आठवलं की डोकं तापतं.

घरात आई बाळंतपणाला आलेली. कूट केल्यावर त्याच हातानं तिनं त्याचा गाल कुरवाळला. मी ओरडलेच. "अगं, हात पुसलाय की मी," आई कानकोंडी झाली. पण माझी भीती खरी होती. फुटलेल्या कातडीतून दाण्याचं प्रथिन शिरलं, तर शरीर त्याला शत्रू ठरवू शकतं. तेच तोंडावाटे गेलं, तर आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींत नियामक टी-पेशी तयार होतात आणि त्या बाकीच्या प्रतिकारपेशींना आवरतात. आमच्याकडे कातडीची वाट उघडी आणि तोंडाची बंद! लंडनच्या 2015च्या लीप अभ्यासात 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं होती. पाच वर्षांची होईपर्यंत दाणा टाळलेल्यांपैकी 17.2 टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी 3.2 टक्क्यांना. मग मी साडेचार महिने कशी थांबू?

शेवटी कळलं, शेंगदाण्याच्या आयजीईची (अ‍ॅलर्जीत शरीर बनवतं त्या प्रतिपिंडाची) रक्ततपासणी आपले बालरोगतज्ज्ञही करू शकतात. हे पहिल्याच दिवशी विचारा. आकडा 0.35च्या खाली आला, म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी. मी गाडीत बसून रडले.

पहिला घास डॉक्टरांच्याच खोलीत. पीनट बटर कोमट पाण्यात सैल केलेलं, चमच्याच्या टोकावर एवढंसं. दहा मिनिटं थांबून बाकीचं. अख्खा दाणा मात्र मुळीच नको, घशात अडकतो. आणि एकदा सुरू केलं की सोडू नका. आम्ही आठवड्यातून तीनदा, दोन-दोन चमचे देतो.

आता आई हात साबणानं धुते आणि मगच त्याला घेते. परवा तिनंच त्याला चमचा भरवला.