चर्चच्या पाटीवरचं बारीक अक्षर

अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरी काउंटीत एकाच हमरस्त्यावर चार-पाच चर्च ओळीनं लागतात. नवखा माणूस इमारत बघून पंथ ठरवतो आणि फसतो. टोकदार मनोरा लुथरनांचा असतो तसा बॅप्टिस्टांचाही असतो. वाचायची ती पाटी, त्यातही खालची बारीक अक्षरं.

‘प्रेस्बिटेरियन’ एवढं वाचून भागत नाही. पुढे ‘पीसीए’ (प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका) असेल तर तो १९७३ साली दक्षिणेकडच्या चर्चमधून फुटलेला गट. तिथं स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देत नाहीत. ‘पीसी (यूएसए)’ म्हणजे १९८३ साली उत्तर-दक्षिण शाखा एक होऊन झालेलं चर्च, तिथं देतात. लुथरनांचंही तसंच: मिसूरी सिनॉड (सिनॉड म्हणजे चर्चांची संघटना) १८४७ची, ईएलसीए (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका) १९८८ची, आणि दोघींच्या मतांमधलं अंतर नावावरून वाटतं त्याहून मोठं. ‘चर्च ऑफ ख्राइस्ट’ आणि ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ तर एकमेकांचे नातेवाईकही नव्हेत म्हटलं तरी चालेल. पहिल्यात सहसा वाद्यं वाजत नाहीत, नुसत्या आवाजात गातात आणि दर रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असतं. दुसरं १९५७ सालचं, बरंच उदारमतवादी.

मेथडिस्ट पाटी सध्या जरा जपूनच वाचावी. क्रूस आणि लाल ज्वाळा ही युनायटेड मेथडिस्टांची खूण. पण २०१९ ते २०२३ या काळात त्यांच्या अमेरिकेतल्या सुमारे चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या, मुख्यतः समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा देण्याच्या वादावरून. काही २०२२ साली सुरू झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेल्या, काही स्वतंत्र राहिल्या. इमारत तीच, माणसं बरीचशी तीच, ज्वाळा तेवढी गायब.

आणि ‘कम्युनिटी चर्च’? या नावातून काहीच कळत नाही. कित्येक सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्या पाटीवर बॅप्टिस्ट शब्दच लिहीत नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर श्रद्धेचं पान उघडावं. ‘बॅप्टिस्ट फेथ अँड मेसेज’ हा सदर्न बॅप्टिस्टांचा श्रद्धेचा जाहीरनामा दिसला की शंका फिटली. आत गेल्यावर व्यासपीठामागे पाण्याचा हौद असेल तर तिथं बुडवून बाप्तिस्मा देतात.

वेळही बोलते. शनिवारी सकाळी मुख्य उपासना असेल तर बहुधा सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. शनिवारी संध्याकाळची मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) कॅथलिकांची, आणि ती रविवारचीच धरली जाते. ईस्टरला ऑर्थोडॉक्स चर्च बंद वाटलं तर चुकलं म्हणू नये: २०२४ साली बाकीच्यांचा ईस्टर ३१ मार्चला झाला, त्यांचा ५ मेला.

पाहुण्याची खरी पंचाईत होते ती प्रभुभोजनाच्या वेळी. युनायटेड मेथडिस्टांकडे सगळ्यांना आमंत्रण असतं, बाप्तिस्मा झालेला नसला तरी. प्याल्यात वाइन नव्हे, द्राक्षाचा रस. एपिस्कोपल चर्चचा नियम बाप्तिस्मा झालेल्यांसाठी, मग पंथ कुठलाही असो. मिसूरी सिनॉडमध्ये आधी पाळकांना विचारावं. कॅथलिक मिस्सेत इतरांनी भाकर घेऊ नये. रांगेत जाऊन हात छातीवर आडवे धरले तर बहुतेक ठिकाणी धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये चमच्यानं दिलं जातं ते फक्त त्यांच्याच लोकांना. मात्र शेवटी आशीर्वादित भाकरीचे तुकडे वाटतात, ते बहुधा पाहुण्यालाही मिळतात. दोन्हींत गल्लत करून कुणी चमच्यासमोर उभा राहिला, तर धर्मगुरू हळूच नाव आणि मंडळी विचारतात.