छत लोंबलंय? दोष गोंदाचा नाही

माझ्या गाडीचं आतलं छत लोंबायला सुरुवात मागच्या काचेपाशी झाली. आधी तळहाताएवढा फुगवटा होता, मग तो पुढे सरकत सरकत डोम लाइटपर्यंत, म्हणजे छताच्या दिव्यापर्यंत आला, आणि काच खाली करून जरा वेग घेतला की ते कापड शिडासारखं फडफडायला लागायचं, आरशात मागचं काही दिसायचंच नाही. बाबा मागे मान तिरकी करून बसायचे आणि उतरताना दर वेळी, "अरे, या मांडवाचं काय करणार आहेस तू?"

मी आधी काय केलं तर जे सगळे करतात तेच. टाचण्या. त्या पिळाच्या टाचण्या मिळतात ना, स्क्रूसारख्या फिरवायच्या, त्या लावल्या वीसेक. छताची गादी झाली, टाचणीपाशी खड्डा आणि मधे उशी. मग टाचण्या काढून स्प्रेचा गोंद आणला, कापडाची कड उचलून आत फवारला, वरून हाताने दाबलं, मस्त चिकटलं. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी होती, दुपारी येऊन बघतो तर परत खाली, शिवाय कापडावर गोंद झिरपून हे मोठे डाग.

तेव्हा कापड जरा जास्त सोलून बघितलं तर बोटांना पिवळट तपकिरी, चिकट पीठ लागलं. इथे मला सगळा उलगडा झाला. आपल्याला वाटतं वरचं कापड थेट पत्र्याला चिकटवलेलं असतं, तसं नसतं. पत्र्याच्या खाली एक बोर्ड असतो, दाबलेल्या पुठ्ठ्याचा किंवा फायबरचा, आणि कापडाच्या पाठीवर साधारण ३ मिमीचा पातळ फोम असतो, तो फोम बोर्डाला चिकटलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन त्या फोमचा भुगा होतो. गोंद बिचारा आपल्या जागी घट्ट आहे, कापडही धडधाकट आहे, मधला माणूसच गेलाय. मग तुम्ही कितीही भारी गोंद मारा, तो भुग्याला चिकटणार आणि भुगा सुटून येणार. म्हणून टाचण्या, शिवण, इस्त्रीची वाफ असले जे उपाय लोक सांगतात ते चार दिवसांचे. बोर्ड बाहेर काढा, फोम खरवडून काढा, नवीन फोमवालं कापड लावा, दुसरा मार्ग नाही.

बोर्ड काढायचा म्हटलं की पोटात गोळा येतो पण काम तसं सोपं आहे, नुसतं किचकट. सनवायझर, हातात धरायची हँडलं, डोम लाइट, कपडे अडकवायचा हूक, दारांची रबर बीडिंग, मग खिडक्यांमधल्या खांबांची ट्रिम, म्हणजे प्लास्टिकची आवरणं. हँडलांचे स्क्रू बारक्या झाकणाखाली लपलेले असतात, ते झाकण नखाने निघत नाही, आणि स्क्रू ड्रायव्हरने काढलं तर ओरखडा पडतो, प्लास्टिकची पट्टी वापरा. क्लिपा जुन्या असल्या की तुटतातच, माझ्या चार तुटल्या, आधीच जास्तीच्या आणून ठेवा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या डबीत, आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, हे न करणारा माणूस संध्याकाळी रडतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. खांबाच्या ट्रिमवर एअरबॅग किंवा एसआरएस लिहिलेलं असेल तर तुमच्या छताच्या कडेने पडद्याची एअरबॅग गेलेली आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मॅन्युअलमध्ये जेवढी मिनिटं थांबा म्हणतात तेवढी थांबा, आणि त्या एअरबॅगला किंवा तिच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. छातीत धडधड होत असेल तर तेवढं काम गॅरेजवाल्याला द्या, लाज वाटायचं काही कारण नाही. माझी गाडी जुनी, तिला छतात काहीच नव्हतं म्हणून मी धाडस केलं.

बोर्ड बाहेर काढायला दोन माणसं लागतातच. पुढच्या सीट पूर्ण मागे झोपवल्या, गिअर खाली घेतला, आणि डिकीच्या दारातून तिरका करत काढला. बाबा आतून धरून, मी बाहेरून ओढत. "वाकवू नकोस रे, वाकवू नकोस" असं ते ओरडत होते तेवढ्यात मी वाकवला, आणि कड्‌ असा आवाज आला. बोर्डला पडलेली घडी नव्या कापडातूनही दिसते. माझं नशीब की ती डोम लाइटच्या मागे आडोशाला होती, पाठीमागून जाड पुठ्ठ्याची पट्टी हॉट ग्लूने चिकटवून सरळ केली.

आता खरं काम. जुनं कापड एका ओढीत निघतं, राहतो तो भुगा. मास्क आणि चष्मा घालाच, घराबाहेर करा, नाकात गेला की दोन दिवस शिंका. नायलॉनच्या ताठ ब्रशने घासायचं, तारेच्या नाही, तार पुठ्ठा उचकटते. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम, गेले तीन तास. अधूनमधून तळहात फिरवायचा, हाताला पावडर लागत असेल तर झालं नाही. मी कंटाळून एक कोपरा 'चालतंय' म्हणून सोडला, त्या कोपऱ्याबद्दल पुढे सांगतो.

कापड घेताना पाठीला फोम असलेलंच घ्या. साधं कापड लावलं तर बोर्डवरचा प्रत्येक खड्डा, ओरखडा, जुना गोंद सगळं वर उमटतं. बोर्डापेक्षा चारी बाजूंनी हातभर नाही पण चार बोटं तरी जास्त ठेवा. आणि गोंद उन्हाळा सोसणारा पाहिजे, बंद गाडी उन्हात उभी राहिली की छताजवळची हवा आपल्याला वाटते त्याच्या पलीकडे तापते, शाळेतल्या प्रोजेक्टचा स्प्रे तिथे वितळून बसतो. डब्यावर हेडलायनरसाठी (म्हणजे गाडीच्या या आतल्या छतासाठी) किंवा उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह असं लिहिलेलं बघा.

चिकटवायची पद्धत अशी की कापड बोर्डवर पसरून बरोबर मध्यावर जुळवायचं, मग अर्धं परत दुमडायचं. उघड्या अर्ध्या बोर्डवर आणि कापडाच्या फोमवर, दोन्हीकडे स्प्रे. मग थांबायचं, डब्यावर लिहिलेत तेवढं, बोट टेकवलं तर चिकटतंय पण गोंदाचा धागा निघत नाही इथपर्यंत. हे थांबणं जमत नाही लोकांना, ओल्यात लावलं की गोंद फोममधून वर येतो आणि माझ्या पहिल्या डागांसारखे डाग पडतात. मग मधून बाहेर तळहाताने हळूहळू, रेटून दाबायचं नाही, फोम कायमचा चपटा होतो. खोलगट जागी कापड ताणायचं नाही, आधी खोलगटात बसवायचं मग बाजूला न्यायचं, ताणून लावलं तर तिथूनच सुटून पुलासारखं उभं राहतं. अर्धं झालं की दुसरं अर्धं, शेवटी कडा मागे दुमडून चिकटवायच्या. डोम लाइटच्या भोकाला अगदी शेवटी आडवा-उभा छेद द्यायचा, आधी गोल कापलात तर कापड सरकलं की संपलं.

दुसऱ्या दिवशी बोर्ड परत बसवला, जाताना गेला तसा येताना आला नाही, पण आला. बॅटरी लावल्यावर घड्याळ मात्र बारा दाखवत होतं.

एक अख्खा उन्हाळा गेलाय आणि छत ताठ आहे. फक्त मागच्या डाव्या बाजूला, तोच 'चालतंय'वाला कोपरा, रुपयाएवढा फुगलाय. बाबा मुद्दाम डाव्या बाजूलाच बसतात, आणि बसल्याबरोबर बोटाने त्यावर टकटक करतात, बोलत मात्र काही नाहीत.